लूपकाका

कुठल्याही केमिकल प्लॅन्टमध्ये जा. रसायनीला जा, तारापूरला जा, नाहीतर आमच्या लोटे-परशुरामला या. गेटवर मोबाईल आणि काडेपेटी जमा करा, हेल्मेट चढवा आणि कंट्रोल रूममध्ये शिरा. पॅनेल ऑपरेटरच्या खुर्चीमागे हात पाठीशी बांधून एक गृहस्थ उभे असतील. खिशाला बारका स्क्रू-ड्रायव्हर, चष्मा कपाळावर, बुटांना फील्डचा चिखल. समोरच्या स्क्रीनवर एक रेघ हळूहळू पुढे सरकत असते आणि ते तिच्यावरून नजर काढत नाहीत. तुम्ही कँटीनमधून पोहे खाऊन परत आलात तरी ते तिथेच. ‘काय बघताय?’ म्हणून विचारलंत तर उत्तर येईल, ‘काही नाही. काही होतंय का ते बघतोय.’

हे लूपकाका.

पगारपत्रकावर त्यांचं नाव निराळं असतं, हुद्दा इन्स्ट्रुमेंट खात्यातला असतो. पण शिफ्ट इन्चार्जपासून कँटीनच्या पोरापर्यंत सगळ्यांना ते लूपकाका म्हणूनच ठाऊक. मी प्रॉडक्शनचा, म्हणजे जन्मजात विरुद्ध पार्टीतला. माल बिघडला की आम्ही म्हणणार, ट्रान्समीटर खोटं दाखवतोय. ते म्हणणार, ट्रान्समीटर खरंच सांगतोय, तुम्हाला ऐकायचं नाहीये. या एका वादावर आमच्या दोन्ही खात्यांच्या पिढ्या पोसल्या गेल्या आहेत.

ज्यांचा या भानगडीशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाइपातून ताशी किती माल जावा हे आपण ठरवायचं, तो सेटपॉइंट. प्रत्यक्षात किती जातोय हे ट्रान्समीटरने मोजायचं, ती पीव्ही. दोन्हींत फरक पडला की व्हॉल्व्ह किती उघडायचा किंवा मिटायचा हे कंट्रोलरने ठरवायचं, ते आउटपुट. या तिघांचा मिळून झाला लूप. फ्लोचा असेल तर त्याच्या पाटीवर एफआयसी आणि पुढे नंबर. आमच्या प्लॅन्टला असे लूप ढिगाने, आणि काका त्यांच्याबद्दल घरच्या पोरांसारखं बोलतात. ‘बाराशे तीन जरा नाजूक आहे’, ‘चौदाशे एक आळशी, पण बिचारा कधी त्रास देत नाही.’

कंट्रोलरचा स्वभाव ठरतो तीन आकड्यांवर: प्रपोर्शनल, इंटिग्रल, डेरिव्हेटिव्ह. हे तीन आकडे भरणं म्हणजे काकांचं काम, आणि हेच तीन आकडे वापरून जगातल्या यच्चयावत माणसांची वर्गवारी करणं हा त्यांचा छंद. आमचे प्लॅन्ट मॅनेजर शुद्ध प्रपोर्शनल. जेवढी चूक तेवढाच आरडाओरडा. चूक संपली की राग संपला, पण थोडीशी चूक कायम शिल्लक राहते ती राहतेच. अकाउंट्सवाले इंटिग्रल. चूक लहान का असेना, ती साठवत राहणार आणि पैन्‌पै वसूल होईपर्यंत स्वस्थ बसणार नाहीत. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून झाला तरी यांची बेरीज चालूच, त्यामुळे नंतर फ्लो आला तरी लवकर खाली उतरत नाहीत. आणि काकांचे साडू डेरिव्हेटिव्ह. अजून झालेलं काहीच नसतं, पण होण्याची चाल दिसली की हे उडी मारून मोकळे. ‘फ्लोच्या लूपला डेरिव्हेटिव्ह द्यायचा नाही,’ काका सांगतात, ‘फ्लोचा सिग्नल मुळातच थरथरता. हा प्रत्येक थरथरीला दचकणार, आणि व्हॉल्व्हचा जीव घेणार.’

‘आणि मी कोण, काका?’ मी एकदा विचारलं.

‘तुम्ही मॅन्युअल,’ ते म्हणाले.

काकांच्या तोंडी यापेक्षा मोठी शिवी नाही. कंट्रोलर ऑटोवर असला की तो स्वतः व्हॉल्व्ह हलवतो. मॅन्युअलला टाकला की ऑपरेटर हलवेल तसा हलतो. काकांचं म्हणणं, कंपनीने एवढा पैसा ओतून सिस्टिम घेतली ती काय बोटाने बाण दाबायला? ऑपरेटरांचं म्हणणं, ‘काका, मॅन्युअलला बरा चालतो हो.’ हे ‘बरा चालतो’ ऐकलं की काकांच्या कपाळावरचा चष्मा खाली नाकावर येतो. सकाळी जनरल शिफ्टला आले की चहाआधी एकच काम: स्क्रीनमागून स्क्रीन उघडायची आणि रात्रीतून कोणकोणते लूप मॅन्युअलला गेलेत ते हुडकायचं. पॅनेलच्या कडेला त्यांनी स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवलाय: ‘कृपया ऑटोवर ठेवा. विश्वास ठेवा.’ खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय: ‘आणि बारावी पास व्हा.’

नाईट शिफ्टच्या पोरांनी यावर तोड काढली. रात्रभर लूप मॅन्युअलला ठेवायचा, आणि काकांची बस गेटात शिरली की ऑटोवर टाकून शहाण्यासारखं बसायचं. त्यांना वाटलं, जिंकलो. काका आले, ट्रेंड मागे नेला आणि विचारलं, ‘दोन ते साडेचार कोण होतं पॅनेलला?’ पोरं गार. मला नंतर त्यांनी त्यातलं मर्म दाखवलं. लूप ऑटोवर असताना आउटपुटची रेघ सारखी बारीक वळवळत असते, कारण कंट्रोलर काम करत असतो, आणि पीव्ही सरळ राहते. मॅन्युअलला उलटं. आउटपुट फूटपट्टीने मारल्यासारखं सरळ, आणि पीव्ही वाट फुटेल तिकडे. ‘माणूस बसला की हात स्थिर आणि माल अस्थिर,’ ते म्हणाले. ऑपरेटरला ओरडले मात्र नाहीत. दोन ते साडेचारमध्ये डुलकी लागते हे त्यांनाही ठाऊक होतं; त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की डुलकी घ्यायचीच असेल तर ऑटोवर टाकून घ्या.

त्यांचं दुसरं ब्रीदवाक्य: ‘एक बदल, एक चहा.’ ट्यूनिंग करताना एका वेळी एकच आकडा बदलायचा, तोही थोडासा, आणि चहा संपेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. आता फ्लोचा लूप काही सेकंदांत उत्तर देतो. चहापुरतं थांबायचं तर टेम्परेचरच्या लूपसाठी. ही हरकत मी घेऊन पाहिली. ‘लूपसाठी कोण थांबतंय,’ काका म्हणाले, ‘तुमचा हात शांत व्हावा म्हणून थांबायचं.’ हा नियम ते प्लॅन्टबाहेरही लावतात. कंपनीच्या बसमध्ये ते कायम ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, आणि परशुराम घाट उतरताना त्यांचं पुटपुटणं सगळ्या बसला ऐकू येतं: ‘अरे एकदा दाबलास ना ब्रेक? मग बघ की काय होतंय ते. लगेच सोडलास, परत दाबलास. हंटिंग, नुसतं हंटिंग.’ ड्रायव्हर बदलले, पुटपुटणं तेच.

लूप हंटिंग करतोय, म्हणजे एकदा वर एकदा खाली असा झोके घेतोय, अशी तक्रार घेऊन आम्ही गेलो की आमची मागणी ठरलेली: ‘काका, ट्यूनिंग करा.’ काका तीन आकड्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. वॉकीटॉकी उचलतात, परमिटवर सही घेतात आणि फील्डला निघतात. एकदा मी सोबत गेलो. बाराशे तीनचा व्हॉल्व्ह दुसऱ्या मजल्यावरच्या प्लॅटफॉर्मवर, एका गुडघ्यावर बसल्याशिवाय दिसत नाही असा. काका बसले. हातमोजा काढला आणि तर्जनी व्हॉल्व्हच्या स्टेमवर ठेवली, चमकत्या दांड्यावर, जिथे तो ग्लँडमधून बाहेर येतो तिथे.

‘एक्केचाळीस दे,’ वॉकीटॉकीत म्हणाले.

‘एक्केचाळीस दिला, काका.’

बोट जागेवर. ‘बेचाळीस दे.’ काही नाही. ‘त्रेचाळीस.’ काही नाही. वर डायफ्रॅममध्ये हवा भरल्याचा सूऽऽ आवाज फक्त. ‘चव्वेचाळीस.’ आणि एकदम टक्‌ करून स्टेम सरकला, तोही एका टक्क्याने नाही, चांगला चारेक टक्क्यांनी. काकांनी माझं बोट धरून तिथे ठेवलं आणि उलटं उतरवून दाखवलं. खाली येतानाही तसंच. अडून बसणार आणि मग एकदम उडी मारणार. बिचारा कंट्रोलर वर बसून ढकलतोय, ढकलतोय. व्हॉल्व्ह सुटला की जास्तच सुटतो, मग हा मागे ओढतोय. मेकॅनिकलवाल्यांनी गळती थांबवायला ग्लँडचे नट ताकद लावून आवळले होते. गळती थांबली होती, व्हॉल्व्हही थांबला होता. ‘याला ट्यूनिंग काय करणार?’ काका म्हणाले. ‘आकडे सुस्त केले तर झोके लांबतील, जाणार नाहीत.’ मग त्यांनी फिटर बोलावला, पॅकिंग बदलून घेतलं, आणि नट बोटाने फिरवून ‘एवढंच’ असं स्वतः दाखवलं. तेव्हापासून फिटर लोक पाना हातात घेतला की आधी आजूबाजूला काका आहेत का ते बघतात.

पण काकांची खरी कीर्ती झाली ती हिशेबाच्या भानगडीत. एका शटडाऊनमध्ये रिअ‍ॅक्टरच्या फीड लाइनवर नवा स्मार्ट ट्रान्समीटर बसला. पुढच्या महिन्यात स्टोअरचा हिशेब जुळेना. माल कमी भरला असता तर समजू शकलो असतो. चोरी, गळती, वे-ब्रिज, संशयितांची यादी तयार असते. इथे टाकीत माल जास्त निघत होता. आमच्या टोटलायझरच्या हिशेबाने जेवढा खर्ची पडला, त्यापेक्षा कमीच टाकीतून गेला होता. अकाउंट्सला तुटीपेक्षा वाढ जास्त झोंबते हे मला तेव्हा कळलं. तिकडे लॅब बोंबलत होती की रिअ‍ॅक्शन पुरी होत नाहीये, फीड कमी पडतंय. आम्ही स्क्रीन दाखवत होतो: फीड ठरल्याप्रमाणे, तसूभर कमी नाही. केमिस्टवर संशय आला, कॅटॅलिस्टवर आला, शेवटी टाकीच्या डिपस्टिकवर आला.

काकांनी तीनच प्रश्न विचारले. ‘पूर्ण फ्लोला हिशेब जुळतो?’ जुळत होता. ट्रायल पूर्ण फ्लोवरच घेतली होती. ‘निम्म्याला?’ नाही. ‘त्याच्याखाली?’ अजिबात नाही. काकांनी परमिटच्या पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले.

ती लाइन ऑरिफिस प्लेटवर मोजली जाते. पाइपात मध्ये भोकाची चकती, आणि तिच्या दोन्ही अंगांच्या दाबातला फरक मोजायचा. गंमत अशी, की फ्लो निम्मा झाला तर हा फरक निम्मा होत नाही, पाव होतो. म्हणून फ्लो हवा असेल तर फरकाचं वर्गमूळ काढावं लागतं. जुना ट्रान्समीटर मूळ काढत नसे, ते काम डीसीएस, म्हणजे कंट्रोल रूममधली सिस्टिम, करायची. नवा हुशार, तो स्वतःच मूळ काढून पाठवत होता. डीसीएसला कुणी सांगितलं नाही, तिने इमानदारीत पुन्हा मूळ काढलं. पाइपात पंचवीस टक्के माल असला की स्क्रीनवर पन्नास. पन्नास असला की सत्तर पॉइंट सात. फक्त शंभरचं कितीदा मूळ काढा, शंभरच. म्हणून ट्रायल पास झाली होती. तिकडे कंट्रोलर ‘पन्नास झाले’ म्हणून समाधानाने व्हॉल्व्ह मिटवत होता आणि रिअ‍ॅक्टर निम्म्या पोटावर होता.

दुरुस्ती म्हणजे एका चौकटीतली टिकली काढायची, एवढंच. कुणीही उत्साही माणसाने ती लगेच काढली असती आणि पीव्ही एकदम पन्नासची पंचवीस झालेली पाहून कंट्रोलरने व्हॉल्व्ह सताड उघडला असता. काकांनी आधी बदलाचा फॉर्म भरला, प्लॅन्ट मॅनेजरांची सही घेतली, मग पॅनेलला येऊन म्हणाले, ‘लूप मॅन्युअलला घे.’ पॅनेलवरच्या पोराने दोनदा विचारलं, ‘काय म्हणालात काका?’ तिसऱ्यांदा शेजारच्यांना ऐकू जाईल असं मुद्दाम विचारलं. मग टिकली काढली, सेटपॉइंट खऱ्या पीव्हीवर आणला, ऑटोवर टाकला आणि पावला-पावलाने वर चढवला. प्रत्येक पावलाला चहा झाला. संध्याकाळी मी फील्डला गेलो तर त्या ट्रान्समीटरवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी तारेने बांधलेली: ‘मूळ येथे काढले आहे. वर काढू नये.’

काकांची एक डायरी आहे, रेक्झिनच्या कव्हरची, कडा मऊ झालेल्या. तीत प्रत्येक लूपचे आकडे आणि, हे महत्त्वाचं, आकड्यापुढे एकक. कारण प्रत्येक सिस्टिमची भाषा निराळी. हनीवेलच्या जुन्या टीडीसीत प्रपोर्शनलसाठी गेन भरायचा आणि इंटिग्रल मिनिटांत. योकोगावाच्या सेंटममध्ये गेनऐवजी प्रपोर्शनल बँड, म्हणजे गेनचा उलटा अवतार. गेन वाढला तर कंट्रोलर तापट, बँड वाढला तर सुस्त. आणि इंटिग्रल सेकंदांत. सिस्टिम बदलली तेव्हा एका तरुण इंजिनिअरने जुन्या याद्या उतरवून घेतल्या, अगदी सुवाच्य. ०.२ मिनिटं म्हणजे बारा सेकंद, त्याने ०.२ च लिहिलं. साठपट चपळ झालेला तो लूप ऑटोवर टाकल्या टाकल्या व्हॉल्व्ह टाळ्या वाजवायला लागला. काकांनी मॅन्युअल केला, डायरी उघडली आणि पोराला म्हणाले, ‘अक्षर छान आहे तुझं.’ एवढंच. पोरगा आता दुसरीकडे मोठ्या जागेवर आहे, आणि ऐकतो की त्याच्याकडेही तशीच डायरी आहे.

नव्या ट्रेनींना काका झिगलर-निकोल्स शिकवतात. ‘१९४२ साली इकडे आपलं चले जाव चाललं होतं, तिकडे या दोघांनी ट्यूनिंगचा पेपर लिहिला.’ इंटिग्रल काढून टाकायचा, लूप सतत झोके घेऊ लागेपर्यंत गेन वाढवायचा, तो गेन आणि झोक्याचा काळ टिपायचा, त्यावरून आकडे काढायचे. पोरं भक्तिभावाने लिहून घेतात. शेवटी काका सांगतात, ‘आपल्या प्लॅन्टात हे करायचं नाही. प्रॉडक्शनवाले बेशुद्ध पडतात.’ मग स्वतःचं शिकवतात: फ्लोला गेन कमी, इंटिग्रल चपळ, डेरिव्हेटिव्ह शून्य. लेव्हलच्या हाताखाली फ्लो असेल तर आधी फ्लोला वळण लावा, मग त्याला लेव्हलच्या कॅस्केडवर घ्या. आणि काहीही करण्याआधी व्हॉल्व्हला बोट लावून या.

कोकणातला पाऊस हा त्यांचा खरा वैरी. जूनमध्ये जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरतं, विजेचा लोळ ट्रान्समीटर खाऊन जातो. पाऊस उघडला की कुंभारीण माशी येते आणि पोझिशनरच्या हवा सोडायच्या भोकात मातीचं सुबक घर बांधते. व्हॉल्व्ह अडकतो. काका ते घर स्क्रू-ड्रायव्हरने कोरतात, पण तोंडाने कौतुक चालूच: ‘फिनिशिंग बघा, साहेब. आपल्या सिव्हिलवाल्यांना जमेल?’

दसऱ्याला सगळ्या प्लॅन्टची पूजा असते. पॅनेलला झेंडू, पंपांना झेंडू, मल्टिमीटरला हळदकुंकू. गेल्या खेपेला एका हौशी पोराने व्हॉल्व्हच्या थेट स्टेमला हार गुंडाळला. आम्ही हात जोडून उभे, भटजींचा मंत्र अर्ध्यावर, आणि काकांनी मिटलेले डोळे उघडले. ‘योकला घाल रे! स्टेमला नको! हलायचाय तो!’ भटजी थांबले. हार सरकला. काकांनी बोट लावून स्टेम मोकळा असल्याची खात्री केली आणि मग भटजींना म्हणाले, ‘हां, चालू द्या. ऑटोवर.’

आता ते निवृत्त झालेत. चिपळूणला घर आहे, अंगणात आंबा आहे, नातू आहे. आम्हाला वाटलं सुटलो. ऑपरेटरांनी तर कागदावरच्या ‘विश्वास ठेवा’खाली ‘धन्यवाद’ असं लिहिलं. चार दिवसांनी कंट्रोल रूमचा लँडलाइन वाजला.

‘बाराशे तीन कसा आहे?’

‘ऑटोवर आहे, काका.’

‘ट्रेंडचा फोटो पाठव.’

‘काका, मोबाईल गेटवर असतो. तुम्हीच केलेला नियम आहे.’

थोडी शांतता. मग कागद पसरल्याचा आवाज. ‘बरं. पीव्ही वाच. दर दहा सेकंदांनी वाचत राहा, मी इथे ग्राफ काढतो.’ मागून काकूंचा आवाज येत होता, की पानं वाढलीत. नाईटचा पोरगा इमानदारीत वाचत राहिला. काका मध्ये मध्ये हुंकार देत होते.

‘आता आउटपुट सांग.’

‘त्रेचाळीस.’

‘पीव्ही तेवढीच, आणि आउटपुट त्रेचाळीस? मी सोडला तेव्हा एकोणचाळीस होता.’ पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला. ‘ग्लँड कुणी आवळलाय?’